हत्तीजवळ जाण्याआधी : सक्रेबैलूच्या सहलीची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून शिमोग्याजवळच्या सक्रेबैलूच्या हत्ती-तळाकडे सहल काढणाऱ्यांनी आपण कोणत्या प्रकारच्या ठिकाणी जात आहोत, हे मुलांना घरीच नीट समजावून सांगावे. बेळगावजवळच्या भूतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात आपण कठड्याबाहेरून प्राणी पाहतो आणि तेच योग्य आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला खाऊ घालणे, चिडवणे किंवा गोंगाट करून त्रास देणे हा गुन्हा आहे. शिमोग्याहून तीर्थहळ्ळीकडे जाताना तुंगेच्या फुगवट्याकाठी लागणारा सक्रेबैलूचा तळ मात्र वन खात्याच्या हत्तींचा आहे, आणि तेथे माहुताने परवानगी दिली तर हत्तीच्या अगदी जवळ जाता येते. किती जवळ जाऊ द्यायचे, याचे नियम बदलत असतात. म्हणून निघण्याच्या आठवड्यात वन खात्याच्या शिमोगा कार्यालयात विचारून घ्यावे आणि तोवर मुलांना कसलेही आश्वासन देऊ नये.

हत्तींची अंघोळ सकाळी होते आणि त्यानंतर त्यांना चरण्यासाठी रानात सोडतात. त्यामुळे बेळगावहून पहाटे निघून भेट गाठण्याचा विचार सोडावा आणि आदल्या रात्री शिमोग्यातच मुक्काम करावा. रेल्वेने जाणाऱ्यांना बिरूरला गाडी बदलावी लागते.

घरात कोणाला दीर्घकाळ खोकला असेल, तर त्याने या सहलीत येऊ नये, आणि याबाबतीत भिडेखातर सूट देऊ नये. क्षयरोगाचे जंतू माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला जाऊ शकतात. तळावर रोज येणाऱ्या शेकडो लोकांपैकी एकाचा खोकलाही तेथील हत्तींना घातक ठरू शकतो. धनुर्वाताची लस घेतलेली आहे की नाही, हे मोठ्यांनी आधी तपासावे. साबणाची वडी सोबत ठेवावी आणि हत्तीला हात लावल्यानंतर, काहीही खाण्यापूर्वी, हात वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावेत. निव्वळ सॅनिटायझरवर विसंबू नये, कारण मळलेल्या हातांवर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही.

कपड्यांचा विचार रान लक्षात ठेवून करावा. माकडताप हा आजार १९५७ मध्ये याच शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला, आणि या तापाची झळ सोसलेल्या दोडामार्ग-बांद्याकडे नातेवाईक असलेल्यांना त्याची धास्ती वेगळी सांगावी लागत नाही. तो गोचिडांमुळे पसरतो आणि त्याचा जोर साधारणपणे नोव्हेंबर ते मे या काळात, म्हणजे नेमका शाळांच्या सहलींच्या आणि उन्हाळी सुटीच्या दिवसांत असतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे कपडे घालावेत, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत, पाचोळ्यावर बसू नये आणि संध्याकाळी मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड आहे का ते पाहावे. पाण्यात उतरणाऱ्यांनी बदलण्याचे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवावेत. उग्र वासाचे अत्तर लावू नये, कारण हत्ती वासाला फार तीव्रतेने प्रतिसाद देतो.

शिदोरी आपल्यापुरतीच असावी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, घरून नेलेला कुंदा हे सारे गाडीतच राहू द्यावे. हातातल्या पिशवीतून वास आला की सोंड तिकडे वळते आणि त्या क्षणी पिशवी सोडून देणे लहान मुलाला सुचत नाही. हत्तीला काही भरवायचे असल्यास तळावरून मिळेल तेच, माहूत सांगेल तेव्हा आणि तसेच भरवावे.

आता सर्वांत महत्त्वाची तयारी. हत्तीच्या मागून कधीही जाऊ नये. त्याला दिसेल अशा बाजूने, माहुताच्या पाठोपाठ, सावकाश जावे. कान हलवणे अचानक थांबले, शेपूट ताठ झाली, सोंड आत वळवून तो स्तब्ध उभा राहिला, तर न धावता मागे सरकावे. नर हत्तीच्या डोळा आणि कान यांमधून तेलकट स्राव ओघळताना दिसला, तर तो माजावर आहे असे समजून दूर राहावे, मग जवळ असलेला कोणीही काहीही म्हणो. पिलू आणि त्याची आई यांच्या मध्ये उभे राहू नये. माहूत बहुधा कन्नडमध्ये बोलतात, म्हणून मराठी शाळांतल्या मुलांना ‘मुट्टबेडि’ म्हणजे हात लावू नका आणि ‘हिंदे बन्नि’ म्हणजे मागे या, हे दोन शब्दप्रयोग पाठ करून घ्यावेत. छायाचित्रासाठी हत्तीला वळवा, बसवा, सोंड उचलायला लावा असा आग्रह धरू नये. हत्तीला घाम जवळजवळ येत नाही. अंघोळ ही त्याची थंड होण्याची गरज आहे, आपल्यासाठी मांडलेला खेळ नाही. त्याने पाठ फिरवली तर ते त्याचे उत्तर समजावे, आणि तिकिटाचे पैसे वाया गेले असे मुलांसमोर बोलू नये. चंदगड, खानापूर भागातील उसात आणि भातात शिरणारे हत्ती पाहिलेल्या आपल्या माणसांना या प्राण्याची ताकद ठाऊक आहे. तळावरचे काही हत्तीही एकेकाळी असेच रानातून पकडून आणलेले आहेत, हे मुलांना जरूर सांगावे.

ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांनी गोठ्यातली पादत्राणे घालून निघू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये भूतरामनहट्टीत अवघ्या काही दिवसांत तीसच्या आसपास काळविटे घटसर्पाने दगावली, आणि हा रोग आपल्या गाई-म्हशींचाही आहे, हत्तींनाही होऊ शकतो. स्वच्छ धुतलेले बूट घालून जावे आणि परतल्यावर ते पुन्हा धुतल्याखेरीज गोठ्यात पाऊल टाकू नये. परतल्यानंतर आठवडाभरात कोणाला अचानक जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना शिमोग्याच्या रानात जाऊन आल्याचे पहिल्याच भेटीत सांगावे.