शिल्लक जुळेपर्यंत : व्यवहारांच्या फाइली एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याबद्दल

एका सॉफ्टवेअरमधले पैशांचे व्यवहार दुसऱ्यात न्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. कुणाचा घरखर्च क्विकनमध्ये असतो आणि व्यवसाय वाढल्यावर तो क्विकबुक्समध्ये हवा असतो. कुणाच्या जुन्या नोंदी मायक्रोसॉफ्ट मनीत अडकलेल्या असतात आणि त्यांना ग्नूकॅश हे मोफत हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरायचं असतं. कुणाची बँक नुसती सीएसव्ही, म्हणजे बहुधा स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल देते, आणि पलीकडच्या सॉफ्टवेअरला ओएफएक्स हा बँक-व्यवहारांचा फॉरमॅटच लागतो. या कामात येणारे नवे लोक एकतर प्रोग्रामिंगकडून येतात नाहीतर हिशोबाकडून. प्रोग्रामिंगवाल्यांना वाटतं, फाइल एरर न देता उघडली की झालं. हिशोबवाल्यांना वाटतं, फाइलीत काय आहे ते बघणं आपलं काम नाही. माझं दोघांनाही एकच सांगणं असतं : फाइल उघडणं ही सुरुवात. आरंभीची शिल्लक, त्यात सगळे व्यवहार आणि अखेरची शिल्लक हा ताळा पै-पैशानं जमला, तरच रूपांतर झालं म्हणायचं.

शिकायला क्यूआयएफपासून सुरुवात करा. क्विकनचा हा जुना फॉरमॅट साध्या नोटपॅडमध्ये उघडतो. पहिल्या ओळीवर उद्गारचिन्ह आणि खात्याचा प्रकार. पुढे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर त्या ओळीत काय आहे ते सांगतं : डी म्हणजे तारीख, टी म्हणजे रक्कम, पी म्हणजे पैसे कुणाला दिले किंवा कुणाकडून आले, एम म्हणजे शेरा, एल म्हणजे खर्चाचा वर्ग. एकच रक्कम दोन-तीन वर्गांत विभागली असेल तर एस, ई आणि डॉलरचं चिन्ह अशा ओळी त्याच नोंदीत येतात. कॅरटचं चिन्ह (^) आलं की नोंद संपली. अर्ध्या तासात हे वाचता येऊ लागतं, आणि व्यवहाराची नोंद म्हणजे नेमकं काय हे डोळ्यांना दिसतं.

पण या फाइलीत काय नाही, तेही बघा. चलन कोणतं, ते नाही. प्रत्येक व्यवहाराला वेगळा ओळखक्रमांक नाही. तारीख दिवस-महिना आहे की महिना-दिवस, हे कुठेच लिहिलेलं नाही. ०३/०४ ही तारीख तीन एप्रिल की चार मार्च, हे फाइल सांगणारच नाही. अशा वेळी मी आधी अख्ख्या फाइलीत बारापेक्षा मोठा आकडा कोणत्या जागी येतो ते शोधते. तोही नसेल तर मूळ स्टेटमेंट मागवते. अंदाजानं पुढे जायचं नाही, कारण सॉफ्टवेअर दोन्ही तारखा निमूट स्वीकारतं. आणखी एक : एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवलेली रक्कम असेल, तर एलच्या ओळीत चौकोनी कंसात त्या दुसऱ्या खात्याचं नाव असतं. तीच रक्कम दुसऱ्या खात्याच्या फाइलीतही असते. दोन्ही फाइली आणल्या आणि जोडी लावली नाही, तर व्यवहार दुप्पट होतो.

ओएफएक्स १९९७ साली मायक्रोसॉफ्ट, क्विकबुक्स बनवणारी इन्ट्युइट आणि चेकफ्री या कंपन्यांनी मिळून आणलं. यात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आकड्यांत असते, म्हणून वरचा घोळ होत नाही. मात्र १ ने सुरू होणाऱ्या आवृत्त्या एसजीएमएल या जुन्या पद्धतीत आहेत, तिथे बरेच टॅग, म्हणजे माहितीला नाव देणाऱ्या खुणा, बंदच केलेले नसतात. एक्सएमएल या जास्त काटेकोर पद्धतीच्या फाइली वाचणारा नेहमीचा प्रोग्राम (पार्सर) लावला की तो अडतो, आणि नवखा माणूस फाइल खराब आहे असं समजून बसतो. २ ने सुरू होणाऱ्या आवृत्त्या खऱ्या एक्सएमएल आहेत. क्विकनसाठीची क्यूएफएक्स आणि क्विकबुक्ससाठीची क्यूबीओ ही ओएफएक्सचीच भावंडं. त्यांत इन्ट्युइटचा स्वतःचा बँक क्रमांकाचा टॅग असतो. म्हणूनच ओएफएक्स फाइलीचं नुसतं एक्स्टेन्शन बदलून क्यूबीओ केलं तर क्विकबुक्सची डेस्कटॉप आवृत्ती ती घेत नाही.

वेळेचं मात्र नीट बघा. ओएफएक्समध्ये तारखेनंतर तास-मिनिटं येऊ शकतात आणि टाइमझोन दिला नसेल तर वेळ जीएमटी धरायची असते. मध्यरात्रीची वेळ असलेला व्यवहार प्रोग्रामनं पश्चिमेकडच्या स्थानिक वेळेत फिरवला की तो आदल्या दिवशी जातो. महिन्याच्या पहिल्या तारखेचा व्यवहार असा मागच्या महिन्यात सरकला, तर दोन्ही महिन्यांचा ताळा बिघडतो. बँकेच्या नोंदीला दिवस पुरेसा असतो. मी वेळ कापून टाकते.

आता ज्या गोष्टीवर नव्या माणसानं सगळ्यात जास्त वेळ घालवावा असं मला मनापासून वाटतं, ती : व्यवहाराचा ओळखक्रमांक. ओएफएक्समध्ये त्याला एफआयटीआयडी म्हणतात. तीच नोंद पुन्हा आली तर सॉफ्टवेअर या क्रमांकावरून ओळखतं आणि सोडून देतं. सीएसव्हीत तो बहुतेकदा नसतो, म्हणून रूपांतर करणाऱ्याला बनवावा लागतो. एका संस्थेचं काम आलं होतं. सगळ्या नोंदी व्यवस्थित दिसत होत्या, पण अखेरची शिल्लक एका रकमेनं चुकत होती, आणि नेमक्या तेवढ्याच रकमेचा एक व्यवहार फाइलीत होता. मूळ सीएसव्ही काढली तेव्हा उलगडलं. एकाच दिवशी, एकाच नावानं, तेवढ्याच रकमेचे दोन खरे व्यवहार झाले होते. आधी वापरलेल्या टूलनं तारीख, रक्कम आणि नाव यांवरून क्रमांक बनवला होता. दोघांचा क्रमांक एकच निघाला, आणि सॉफ्टवेअरनं दुसरी नोंद दुबार समजून गाळली. कुठलीही सूचना न देता.

यावर सरळ उपाय म्हणजे त्या दिवशीच्या सारख्या नोंदींना एक, दोन असा अनुक्रम जोडायचा. पण पुढच्या महिन्यात उतरवलेल्या फाइलीत क्रम उलटा आला, किंवा दिवसाच्या मध्यापासून नोंदी सुरू झाल्या, तर अनुक्रम बदलतो आणि जुन्या नोंदी नव्या म्हणून परत येतात. म्हणून नेहमी पूर्ण दिवसांची फाइल घ्या आणि ती एकाच पद्धतीनं लावून घ्या. सीएसव्हीत प्रत्येक ओळीपुढे चालू शिल्लक असेल तर तीही क्रमांकात मिसळा. सारखे दोन व्यवहार झाले तरी त्यानंतरची शिल्लक सहसा एकच राहत नाही.

सीएसव्हीला नियम असा नाहीच. कुठे जमा आणि खर्चाचे वेगळे रकाने, कुठे एकच रकाना आणि उणे चिन्ह, तर क्रेडिट कार्डाच्या काही फाइलींत खर्चच अधिक चिन्हानं येतो. कुठे दशांशाला टिंब, कुठे स्वल्पविराम. एक्सेलमध्ये डबल क्लिक करून ती उघडू नका. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य उडतात आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात. त्यानंतर सेव्ह केलं की ते परत मिळत नाहीत. मजकूर म्हणून आयात करा, नाहीतर साध्या एडिटरमध्ये बघा.

बँकांकडून येणाऱ्या एमटी९४० या स्टेटमेंटच्या फाइलीबद्दल मला आपुलकी आहे, कारण तिच्यात ६०एफ या टॅगमध्ये आरंभीची आणि ६२एफमध्ये अखेरची शिल्लक असते. ताळा जमवायचं साधन फाइलीतच मिळतं. व्यवहार ६१मध्ये, तपशील ८६मध्ये. तिची जागा घेणारं कॅम्ट ०५३ हे आयएसओ २००२२ या मानकातलं एक्सएमएल आहे. मोठं दिसतं, पण वाचायला सोपं जातं.

प्रोग्रामिंगकडून आलेल्यांनी इथे थोडा हिशोब शिकावाच. बँक स्टेटमेंटवरचं क्रेडिट हे बँकेच्या बाजूनं असतं. तुमच्या खातेवहीत तीच रक्कम बँक खात्याच्या नावे, म्हणजे डेबिटला पडते. घरखर्चाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रक्कम आणि एक वर्ग एवढ्यानं भागतं. द्विनोंदी पद्धतीत तो वर्गच खातं होतो आणि प्रत्येक रकमेला दुसरी बाजू लागते. म्हणून फाइल बदलण्याआधी कोणता वर्ग कोणत्या खात्यात जाणार याचा तक्ता बनवा आणि तो खातेदाराकडून तपासून घ्या. जे बसत नाही ते उचंत, म्हणजे तात्पुरत्या खात्यात ठेवा. ग्नूकॅश अशा वेळी ‘इम्बॅलन्स’ नावाचं खातं आपोआप उघडतं. अंदाजानं बसवलेली नोंद वर्षाअखेर कुणालाच सापडत नाही, उचंत खात्यातली लगेच दिसते.

हिशोबाकडून आलेल्यांनी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी शिकावी. रकमेसाठी फ्लोट हा अपूर्णांक जवळपास साठवणारा प्रकार वापरू नका. त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. दशांश जसेच्या तसे ठेवणारा डेसिमल वापरा. ओएफएक्स वाचायला ओएफएक्सटूल्स, ओएफएक्सपार्स अशा लायब्ररी तयार आहेत. मला एचलेजर हे साध्या मजकुरात हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअरसुद्धा शिकण्यासाठी फार उपयोगी वाटतं : सीएसव्हीचा कोणता रकाना कशात जाणार हे एका साध्या नियमांच्या फाइलीत लिहायचं, आणि निकाल साध्या मजकुरात समोर येतो. काहीच लपत नाही.

सरावासाठी स्वतःच खोटं स्टेटमेंट बनवा. त्यात एकाच दिवशीचे सारखे दोन व्यवहार घाला, एक परत आलेली रक्कम, एक दोन खात्यांमधली वळती, एक विभागलेला खर्च, एक फार लांब नाव आणि देवनागरीत लिहिलेला एक शेरा. ओएफएक्समधल्या नावाच्या टॅगला ३२ अक्षरांची मर्यादा आहे, उरलेलं शेऱ्यात न्यावं लागतं. जुन्या ओएफएक्सच्या हेडरमध्ये बऱ्याचदा १२५२ हा कॅरॅक्टरसेट, म्हणजे अक्षरांचा संच, लिहिलेला असतो, त्यात देवनागरी बसतच नाही. असं स्टेटमेंट सीएसव्हीतून ओएफएक्समध्ये, तिथून ग्नूकॅशमध्ये न्या आणि काय गळलं ते शोधा.

खरी स्टेटमेंट मात्र इंटरनेटवरच्या फुकट कन्व्हर्टरवर चढवू नका. पगार कुठून येतो, औषधांवर किती जातात, कर्ज कुणाचं आहे, हे सगळं त्या फाइलीत असतं, आणि ते दुसऱ्यानं तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेलं असतं. काम स्वतःच्या संगणकावरच करा. कुणाला मदत मागायची असेल तर नावं आणि खाते क्रमांक बदलून विचारा.

काम घेताना पहिला प्रश्न विचारा : किती मागपर्यंतच्या नोंदी खरंच हव्यात? बहुतेक वेळा चालू आर्थिक वर्ष आणि त्याच्या पहिल्या दिवसाच्या शिलका पुरतात. बाकीचा इतिहास जुन्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढून ठेवला तरी चालतो. आयात आधी डेटा फाइलीच्या प्रतीवर करून बघा. काम सोपवताना हात न लावलेली मूळ फाइल, रूपांतरित फाइल, वर्गांचा तक्ता, उचंत खात्यातल्या नोंदींची यादी आणि प्रत्येक खात्याचा महिनावार ताळा हे सगळं एकत्र द्या.