बेन आल्डरला जाताय? सह्याद्रीतल्या या सवयी तिकडे नडतात

स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या, म्हणजे तिथल्या डोंगराळ मुलखातल्या, बेन आल्डर या डोंगराची उंची ११४८ मीटर, म्हणजे सिंहगडापेक्षाही कमी. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनमध्ये आलेले आपले ट्रेकर हा आकडा बघतात आणि सकाळी निघून संध्याकाळी परत, असा बेत आखून मोकळे होतात. मीही तसाच आखला होता. पहिल्या खेपेला माथा न गाठताच फिरावं लागलं. आमच्या पायांत दम होता, पण नियोजन सगळं सह्याद्रीचं होतं.

उंची बघून वेळ ठरवणं

हायलँड्समध्ये उंचीपेक्षा अंतर दमवतं. पर्थ-इन्व्हर्नेस रेल्वेमार्गावर डलव्हिनी स्टेशनला उतरायचं आणि लॉख एरिख्त या लांबलचक तळ्याच्या काठाने इस्टेटीच्या, म्हणजे तिथल्या खासगी जमीनदारीच्या, कच्च्या रस्त्याने चालू लागायचं. खरा चढ सुरू होण्याआधीच १४-१५ किलोमीटर होतात. जाऊन-येऊन ४० किलोमीटर धरा.

वेळेसाठी तिकडे विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली घालून दिलेला हिशोब आजही वापरतात. दर ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. म्हणजे इथे चालीचे ८ तास आणि चढाईचा जवळजवळ दीड तास. यात जेवण नाही, फोटो नाहीत, घोटाभर चिखलातून पाय उपसणं नाही. हा आकडा उजेडाशेजारी मांडून बघा. डिसेंबरात तिथे दिवस सात तासांहूनही लहान असतो, जूनमध्ये मात्र साडेसतरा तासांहून मोठा. पहिल्यांदा जाणाऱ्याने मे-जून सोडून दुसरा विचार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सायकल नेली तर तळ्याकाठचे तास निम्म्यावर येतात. रेल्वेगाडीत सायकलची जागा आधी राखून ठेवा, आणि पंक्चरचं सामान बरोबर घ्या. तेरा किलोमीटर आत चाक बसलं तर ढकलत आणण्यावाचून इलाज नाही. नाहीतर सरळ तंबू घ्या आणि दोन दिवसांचा बेत करा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या रानात फिरण्याचा आणि जबाबदारीने मुक्काम करण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे.

पायथ्याच्या गावावर विसंबणं

आपल्याकडे शेवटच्या वाडीत मामांना वाट विचारायची, भाकरी-पिठलं सांगून ठेवायचं आणि वर निघायचं. बेन आल्डरच्या पायथ्याला वाडीच नाही. वाट सांगायला माणूस भेटेलच असं नाही, आणि खडकांवर बाणही रंगवलेले नसतात. जुन्या वर्णनांमध्ये कुलरा बॉथीत, म्हणजे तिथल्या साध्या निवाऱ्याच्या झोपडीत, रात्र काढल्याचं वाचाल. ती बांधकामातल्या ॲस्बेस्टॉसमुळे बंद केली आहे. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला बेन आल्डर कॉटेज ही बॉथी आहे, पण बॉथी म्हणजे फक्त छप्पर आणि भिंती. जेवण, अंथरूण, चूल पेटवायचं सामान सगळं आपलं.

सकाळचा ओढा संध्याकाळी तसाच असेल असं धरून चालणं

ही चूक मी केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मे महिन्यातली सकाळ होती. कुलराच्या वर एक ओढा आम्ही तिघांनी पाच दगडांवरून उड्या मारत ओलांडला, बूटही भिजले नाहीत. दुपारी पाऊस लागला, वर धुकं बसलं, आम्ही मागे फिरलो. चारच्या सुमाराला त्याच जागी आलो तर एकही दगड दिसेना. पाणी कडक चहाच्या रंगाचं झालं होतं आणि त्याच्या तळातून गडगड आवाज येत होता. तळाचे धोंडे वाहत असल्याचा तो आवाज होता. आमच्यातला एकजण पुढे झाला. पाणी गुडघ्याला लागलं आणि काठी हातातून सुटून गेली, तसं आम्ही त्याला सॅकला धरून मागे ओढलं.

तिथली पीटची, म्हणजे कुजक्या शेवाळाची जमीन आधीच स्पंजासारखी भिजलेली असते. नवा पाऊस ती धरून ठेवत नाही, तासा-दोन तासांत ओढ्याला सोडून देते. सुदैवाने पाऊस थांबला की पाणी तितक्याच लवकर उतरतं. आम्ही अंगावर असेल-नसेल ते चढवून थांबलो. तीन तासांनी दोन दगडांची डोकी दिसली, तेव्हा पार झालो. डलव्हिनीला पोचलो तेव्हा शेवटची गाडी निघून गेली होती.

म्हणून आता नकाशावर आधी पूल शोधतो, मग वाट ठरवतो. पूल नसेल आणि पाणी चढलं असेल तर काठाने वर जायचं, फाटे जिथे वेगळे होतात त्याच्याही वर. तेही जमत नसेल तर थांबायचं.

सुती कपडे आणि पोंचो

पावसाळी ट्रेकला भिजण्यात मजा असते, कारण हवा उबदार असते. डलव्हिनीत १२ अंश असतील तर माथ्यावर साधारण ७, आणि ताशी ४० मैलांच्या वाऱ्यात अंगाला ते शून्याच्या आसपास भासतात. ओला सुती शर्ट आणि जीन्स घालून त्या वाऱ्यात उभं राहणं जिवावर बेतू शकतं, जुलैमध्येसुद्धा. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, वर पावसाचं जॅकेट आणि पँट, हातमोजे, टोपी. पोंचो वाऱ्यात शिडासारखा फुगतो, तो घरीच ठेवा.

फोनमधल्या नकाशावर सगळा भार

बेन आल्डरचा माथा हजार मीटरच्या वर पसरलेलं विस्तीर्ण पठार आहे आणि त्याची पूर्वेची कड एकदम तुटलेली. वसंतातही त्या कडेला बर्फाचे छज्जे लोंबत असतात. धुक्यात कड कुठे संपते ते कळत नाही. ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही आणि थंडीत बॅटरी बसते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:५०,००० चा ४२ नंबरचा कागदी नकाशा आणि होकायंत्र घ्या, आणि दोन्ही वापरायचा सराव आधी घराजवळ करा. नकाशावरची गेलिक नावं वाट सांगतात. ‘बेलख’ म्हणजे खिंड, ‘अल्ट’ म्हणजे ओढा. डोंगराच्या उतरत्या धारेला आपण सोंड म्हणतो, ते तिला ‘स्रॉन’ म्हणतात, म्हणजे नाक!

ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, इस्टेटीला विचारून जा. उन्हाळ्यात ‘मिज’ नावाच्या चिलटांसाठी तोंडाची जाळी हवीच.

निरोप पुण्यात ठेवणं

घरी आईला सांगून निघतो आपण, ते बरोबरच. पण रात्री दहाला तुम्ही परतला नाहीत तर उन्हाळ्यात पुण्यात तेव्हा अडीच वाजलेले असतात, आणि तिथून ९९९ हा ब्रिटनचा आपत्कालीन नंबर लागत नाही. निरोप ब्रिटनमधल्याच कुणाकडे तरी द्या: कुठून निघणार, कोणत्या वाटेने, किती जण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९९९ लावून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं स्वयंसेवकांचं बचावपथक, मागायचं. आत बहुतेक ठिकाणी रेंज नसते, पण कधीकधी एसएमएस जातो. त्यासाठी ९९९ वर ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द पाठवून आधीच नोंदणी करावी लागते. शिट्टी सॅकच्या पट्ट्याला बांधा. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. खाली उतरलात की बूट काढायच्या आधी त्या माणसाला फोन करा, नाहीतर रात्री स्वयंसेवक घरची झोप सोडून तुम्हाला शोधायला निघतील.