नालायक काका, वांड पोरगा: लघुपटाची पटकथा

नालायक काका आणि वांड पोरगा यांच्यावर वीस मिनिटांचा लघुपट लिहिताना नायकाला, म्हणजे काकाला, पोराशी बांधून ठेवणारं कारण आधी पक्कं करा. नुसत्या दयेवर गोष्ट टिकत नाही. गोष्ट पुण्यात घडवलीत तर ते सहज मिळतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 355 मध्ये दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घातल्यास समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. म्हणजे रात्री डेक्कनवर गोंधळ, मग शिवाजीनगर कोर्ट, मग समाजसेवेच्या शिक्षेत समोर तेरा वर्षांचा शिवराळ मुलगा.

वीस मिनिटांना साधारण वीस पानं. पाचव्या पानापर्यंत नायक अडकलाच पाहिजे.

विनोद मोठ्याच्या बेजबाबदारपणावर करा, मुलाच्या दुखण्यावर कधीच नाही; तिथे प्रेक्षक तुटतो. नायकाला लवकर सुधारूही नका. चौदाव्या पानावर त्याने पोराला स्वारगेटला ताटकळत ठेवावं, तरच पुढची माफी खरी वाटते.