ट्रेमधला दगड आणि हातातला कंपास: भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये या चुका टाळा

परीक्षेच्या ट्रेमध्ये येणारा क्वार्ट्झ (सिलिकाचं खनिज) वर्षभर हाताळलेल्या क्वार्ट्झसारखाच दिसेल याची खात्री नसते. तो दुधी असेल, गुलाबी असेल, धुरकट असेल. रंगावरून नाव ठरवायची सवय लागलेला विद्यार्थी इथेच अडकतो, आणि मग नावाला साजेसे गुणधर्म जर्नलमध्ये उतरवतो. क्रम उलटा हवा. आधी चकाकी, मग क्लीव्हेज (खनिज ठरावीक सपाट पृष्ठांवर तुटणं), काठिण्य, स्ट्रीक (प्लेटवर घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग), रंग शेवटी, आणि नाव त्याच्याही नंतर.

काठिण्य

मोहसची श्रेणी 1812ची आहे, टाल्कपासून हिऱ्यापर्यंत 1 ते 10. पाठ सगळ्यांना असते, चूक होते ती ओरखडा वाचताना. चाकू फिरवल्यावर रेघ उमटली म्हणजे खनिज मऊ, असं लगेच लिहू नका. रेघेवर ओलं बोट फिरवा. रेघ पुसली गेली तर ती चाकूच्याच पोलादाची भुकटी होती आणि खनिज चाकूपेक्षा कठीण आहे. बोटाला खाच जाणवली तरच तो खरा ओरखडा. शिवाय चाचणी दोन्ही बाजूंनी करा: चाकू खनिजावर, मग खनिजाचं टोक काचेवर. पोलादी चाकू आणि साधी काच दोन्ही साधारण 5.5 धरतात, त्यामुळे फेल्डस्पार (6) काचेवर रेघ ओढतो, अपॅटाइट (5) ओढत नाही.

ओरखडा ताज्या पृष्ठभागावरच काढायचा. उघड्यावर पडलेल्या फेल्डस्पारचा वरचा थर चिकणमातीत बदललेला असतो. चाकू खडूत जावा तसा आत जातो आणि 6चं खनिज 3चं होऊन बसतं.

आणखी एक गोष्ट पुस्तकातून जशीच्या तशी उचलली जाते: "तांब्याचं नाणं, काठिण्य 3". सध्याची आपली एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, तांब्यापेक्षा बरीच कठीण. त्यापेक्षा लाइटच्या वायरमधली जाड तांब्याची तार जवळ ठेवा. नखाला 2.5 धरा: नखाने जिप्सम ओरखडलं जातं, कॅल्साइट नाही.

स्ट्रीक

स्ट्रीक प्लेटचं (चकाकी न दिलेल्या पोर्सेलिनच्या तुकड्याचं) स्वतःचं काठिण्य साधारण 6.5 ते 7 असतं. क्वार्ट्झ किंवा टोपाझ घासल्यावर जी पांढरी भुकटी दिसते ती बहुतेक वेळा प्लेटचीच असते. तिथे "पांढरी स्ट्रीक" न लिहिता खनिज प्लेटपेक्षा कठीण आहे असं लिहा.

उलट, लोहखनिजांमध्ये स्ट्रीक एका घासात निकाल देते. चकचकीत काळ्या हेमॅटाइटचा तुकडा मॅग्नेटाइटसारखा दिसतो, पण प्लेटवर गेरूसारखी लाल रेघ उमटते, मॅग्नेटाइटची काळी. पायराइट दिसायला सोनेरी, रेघ मात्र हिरवट काळी. तुमच्या आधीच्याने हेमॅटाइट घासून प्लेट तशीच सोडली असेल तर तुमच्या पायराइटची रेघ तपकिरी दिसेल. प्लेट पाणी टाकून बारीक पॉलिशपेपरवर घासा, पुसा, मग वापरा.

फेस कुठून येतोय ते पाहा

ही चूक महाराष्ट्रातल्या कॉलेजांमध्ये खास होते, कारण आपल्या ट्रेमध्ये दख्खनचा बेसॉल्ट भरपूर असतो. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूंच्या पोकळ्या नंतर दुसऱ्या खनिजांनी भरतात. त्या भरावात कॅल्साइट असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा (साधारण 10 टक्के) थेंब पडताच जोरात फेस येतो, आणि विद्यार्थी काळ्या दगडाला चुनखडक ठरवून मोकळा होतो. 10 पट भिंग लावा आणि बुडबुडे काळ्या भागातून येतात की पांढऱ्या ठिपक्यातून, ते पाहा. ठिपक्यातूनच येत असतील तर खडक बेसॉल्टच, पोकळीत कॅल्साइट.

पांढरा ठिपका फेसाळलाच नाही तर दोन शक्यता मुख्य: झिओलाइट (स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारख्या खनिजांचा गट) किंवा सिलिका (क्वार्ट्झ आणि त्याचे प्रकार). चाकूने ओरखडा. सिलिकावर चाकू घसरतो, स्टिल्बाइट-ह्यूलँडाइटवर खाच पडते, आणि त्यांच्या एका क्लीव्हेजवर मोत्यासारखी चकाकी दिसते. अपोफिलाइटलाही एकच उत्तम क्लीव्हेज आणि तशीच चकाकी असते, पण ते झिओलाइट नाही. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो.

डोलोमाइटवर थेंब टाकून काही होत नाही म्हणून तो बाद करू नका. चाकूने थोडी भुकटी खरवडा आणि त्या भुकटीवर थेंब टाका. मग सावकाश बुडबुडे येतात. आम्ल पातळ करायची वेळ आली तर आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चाचणी झाल्यावर नमुना धुऊन ठेवा.

क्लीव्हेज की स्फटिकाची बाजू?

सहा बाजूंचा देखणा क्वार्ट्झ पाहून "क्लीव्हेज: सहा दिशा" लिहिणारे दरवर्षी असतात. क्वार्ट्झला क्लीव्हेज जवळपास नाहीच. गुळगुळीत दिसतात त्या वाढताना तयार झालेल्या बाजू. तुटला की तो शिंपल्यासारखा वळणदार तुटतो. फरक ओळखायला नमुना दिव्याखाली हळूहळू तिरपा करा. क्लीव्हेज असेल तर तुटलेल्या भागावरच्या लहान-मोठ्या पायऱ्या एकाच क्षणी चमकतात, कारण त्या सगळ्या समांतर असतात. मग दोन दिशांमधला कोन पाहा: पायरॉक्सीनमध्ये जवळपास काटकोन, अँफिबोलमध्ये साधारण 56 आणि 124 अंश.

जांभा, मुरूम आणि कांद्याचे पापुद्रे

जांभ्यालाही भोकं असतात म्हणून त्याला पोकळ्यांचा बेसॉल्ट म्हणू नका. जांभ्याची भोकं वेडीवाकडी, नळीसारखी, आत पिवळी-लाल माती. वायूच्या पोकळ्या गोल किंवा लंबगोल. फील्डवर मुरमात दिसणारे गोल दगड, ज्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, ते गोलाकार विदारणाने (हवा-पाण्याने खडक कुजत जाण्याने) झालेले असतात. त्यांना "पिलो लाव्हा" (पाण्याखाली उशांसारखा गोठलेला लाव्हा) लिहिलं की गुण गेलेच.

कंपास

क्लायनोमीटर कंपासच्या (दिशा आणि उतार दोन्ही मोजणाऱ्या होकायंत्राच्या) तबकडीवर पूर्व आणि पश्चिम अदलाबदल केलेले असतात. ती छपाईची चूक नाही. सुई उत्तरेलाच राहते, फिरते ती डबी. म्हणून अक्षरं उलटी ठेवली की वाचन सरळ मिळतं. ते "दुरुस्त" करून लिहिलं की नकाशावरचे सगळे थर आरशात पाहिल्यासारखे उलटतात.

वाचन दहा-पंधरा अंशांनी भरकटत असेल तर चुंबकीय विचलनाला (सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या कोनाला) दोष देऊ नका. महाराष्ट्रात ते जेमतेम एक अंशाच्या आतबाहेर आहे. हातोडा, मोबाइल आणि लिहायच्या पॅडची लोखंडी क्लिप बाजूला ठेवा. खडबडीत थरावर कंपास थेट न टेकवता मध्ये वही ठेवा, म्हणजे खाचखळग्यांची सरासरी निघते. बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट सुईला ओढू शकतं, त्यामुळे कंपास खडकाला न टेकवणं तिथेही बरं. नती (थराचा उतार) कोणत्या दिशेला आहे असा घोळ झाला तर पाण्याचे चार थेंब सोडा. पाणी ज्या बाजूला ओघळतं ती नतीची दिशा, आणि तिला काटकोनात असलेली थरावरची आडवी रेषा म्हणजे स्ट्राइक.

"उत्तर 40° पूर्व, 25°" (आधी स्ट्राइक, मग नती) हे वाचन अर्धवट आहे. याच आकड्यांत आग्नेयेकडे उतरणारा थरही बसतो आणि वायव्येकडे उतरणाराही. नतीची दिशा लिहा. आणि ती ईशान्य लिहिली असेल तर काहीतरी नक्की चुकलंय, कारण स्ट्राइकच्याच रेषेत नती असू शकत नाही.

दख्खनचे लाव्हाप्रवाह जवळपास आडवे आहेत. बेसॉल्टच्या कड्यावर 80 अंशांची "नती" मोजली असेल तर तो बहुधा जॉइंट (खडकातली भेग) आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब हे असेच थंड होताना पडलेले जॉइंट. तो प्रवाहाचा उतार नव्हे.

नकाशा आणि छेद

टोपोशीटची (उंची दाखवणाऱ्या भूरूप नकाशाची) झेरॉक्स ए-3वरून ए-4वर आणली की 1:50,000 हे प्रमाण खोटं होतं. मूळ नकाशात 1 किमी म्हणजे 2 सेंमी; झेरॉक्सवर ते 1.4 सेंमी होतं. अंतर मोजायला नकाशासोबत आकसलेली रेखाप्रमाणपट्टीच वापरा.

दरी की सोंड, हा गोंधळ समोच्च रेषांच्या आकड्यांनी सुटतो. दरीत रेषेचं टोक चढाकडे, म्हणजे मोठ्या आकड्याकडे असतं, सोंडेवर उताराकडे.

छेद (जमीन उभी कापली तर दिसेल ते चित्र) काढताना मात्र सगळ्यात जास्त गडबड होते. आडवं 1 सेंमीला 500 मी. आणि उभं 1 सेंमीला 100 मी. घेतलं तर उंची पाचपट ताणली जाते. अशा छेदात 30 अंशांची नती कोनमापकाने 30 अंशांवर काढली तर ती चूक आहे. तिचा टॅन्जंट 0.577, पाचपट म्हणजे 2.89, कागदावर कोन येतो जवळपास 71 अंश. थराची जाडीही त्याच हिशेबाने बिघडते. म्हणून तिरपे थर असलेल्या नकाशात उभं आणि आडवं प्रमाण सारखंच घ्या. टेकड्या बुटक्या दिसतील, दिसू द्या. छेदरेषा स्ट्राइकला काटकोनात नसेल तर खरी नती तिथे लागूच होत नाही: रेषा स्ट्राइकशी 45 अंश करत असेल तर 30 अंशांची नती छेदात सुमारे 22 अंशांनीच काढायची.