गेम ऑफ थ्रोन्स बघून झालंय? मग पुस्तकं अशी वाचा

सिरीज 2019 च्या मे महिन्यात संपली, शेवट बघून लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या, आणि तेव्हापासून दर दोन-चार महिन्यांनी मला कोणीतरी विचारतंच, पुस्तकात खरा शेवट काय आहे रे? अरे नाहीचे. जॉर्ज आर. आर. मार्टिनने ठरवलेली पुस्तकं सात, त्यातली आली पाच, पाचवं आलं जुलै 2011 मध्ये म्हणजे सिरीज सुरू झाली त्याच वर्षी, आणि सहावं, द विंड्स ऑफ विंटर, अजून येतंच आहे. त्यामुळे शेवट कळावा म्हणून घेणार असाल तर घेऊच नका, पैसे वाचवा. वेगळं काय आहे ते बघायचं असेल तर मात्र पुढे वाचा (सिरीज पाहिलेल्यांसाठीच लिहितोय, स्पॉयलर लपवत बसणार नाही).

आधी खरेदीचं. आपल्याकडे मिळतो तो सेट बऱ्याचदा सात पुस्तकांचा असतो आणि लोकांना वाटतं सगळी आली की काय. तसं नाही, तिसरं आणि पाचवं पुस्तक इतकं जाड आहे की या पेपरबॅकमध्ये त्यांचे दोन-दोन भाग केलेत, म्हणून पाचाची सात. सुटी घेताना कव्हरवर भाग एक की दोन ते नीट बघा. मी एकदा घाईत तिसऱ्याचा फक्त दुसरा भाग उचलून आणला होता आणि चाळीस पानं वाचून झाल्यावर कळलं की मधलं अख्खं युद्ध गायब आहे.

आता सुरुवात कुठून? पहिल्यापासूनच. "पहिले चार सीझन पुस्तकाबरहुकूमच आहेत ना, मग चौथ्या पुस्तकापासून घेतो" हा शहाणपणा बरेच जण करतात आणि तोंडावर आपटतात, कारण चौथ्यात अशी माणसं येतात ज्यांची मुळं मागे आहेत. ढोबळ हिशोब असा: सीझन 1 म्हणजे पहिलं पुस्तक, 2 म्हणजे दुसरं, 3 आणि 4 मिळून तिसरं, आणि 5 मध्ये चौथं-पाचवं कोंबून बसवलंय. ब्रॅनची गोष्ट तर सीझन 4 च्या शेवटालाच पुस्तकाच्या टोकाला पोचली होती, म्हणून सीझन 5 मध्ये तो दिसतच नाही. सीझन 6 पासून थोडंफार सोडलं तर पुस्तकाचा रस्ता संपला. पुढचे मोठे टप्पे मार्टिनने सिरीजवाल्यांना सांगून ठेवले होते, होडोरचं दार त्यातलंच, पण तिथपर्यंत कसं पोचायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं.

वाचताना एक करा, सिरीजमधला सीन आठवून पान उलटू नका. दुसऱ्या पुस्तकात टिरियन शहरातल्या लोहारांना बोलावतो, चामडी पिशवीतून साखळीच्या तीन दांडग्या कड्या गालिच्यावर ओततो आणि म्हणतो अशा हजार पाहिजेत, बाकीची कामं बंद. कशाला ते सांगत नाही. मग अधूनमधून ती साखळी येत राहते, आपण विसरूनही जातो, आणि ब्लॅकवॉटरच्या लढाईत नदीचं तोंड बंद होतं, स्टॅनिसची जहाजं जळत्या पाण्यात अडकतात तेव्हा डोक्यात टणकन वाजतं. सिरीजमध्ये साखळीच नाही, वाइल्डफायर भरलेलं एक जहाज येतं आणि धडाम. बघायला भारीच होतं ते, पण ही मजा वेगळी.

तिसरं हातात घेतलं की उपसंहार वाचल्याशिवाय ठेवू नका. केटलिनचं पुढे काय होतं ते तिथे आहे आणि सिरीजने ते घेतलंच नाही.

चौथ्याला बरेच जण दमतात. कारण समजून घेतलं तर सोपं जातं. मार्टिनला तिसऱ्यानंतर गोष्टीत पाच वर्षांची उडी मारायची होती, पोरं मोठी व्हावीत म्हणून. ते जमेना, उडी रद्द केली, आणि मधलं सगळं लिहिता लिहिता पुस्तक इतकं फुगलं की पात्रं वाटून दोन केली. म्हणून चौथ्यात जॉन, टिरियन, डेनेरिसची प्रकरणं नाहीत, ती पाचव्यात, आणि दोन्ही बऱ्यापैकी एकाच काळात घडतात. चौथ्याच्या शेवटी मार्टिनने लिहिलंय की उरलेलं पुढच्या वर्षी येईल अशी आशा आहे. ते 2005 साल होतं! दोन्हीची प्रकरणं एकमेकांत मिसळून वाचायच्या याद्याही फिरत असतात, पण त्या दुसऱ्या वाचनाला ठेवा, पहिल्यांदा सरळ वाचा. ब्रिएन रस्त्याने नुसती भटकते त्या प्रकरणांत कंटाळा येईल, येऊ द्या, युद्धानंतर गावांचं काय होतं हे तिथल्याइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

नावं लक्षात राहत नसतील तर पुस्तकाच्या मागे घराण्यांची यादी आहे, तिथे बुकमार्क ठेवा. गूगल करू नका, पहिल्याच ओळीत कोण कधी मेलं ते कळतं.

पाचवं संपतं तेव्हा जॉन सुरे खाऊन बर्फात पडलेला असतो. सिरीज बघणाऱ्यांना सीझन 6 च्या दुसऱ्याच एपिसोडला उत्तर मिळालं, पुस्तकवाले 2011 पासून तिथेच उभे आहेत. तिथे पोचलात की डंक आणि एग या जोडीच्या, याच जगातल्या तीन गोष्टींचं मार्टिनचंच पुस्तक घ्या, साधारण नव्वद वर्षं आधीचा काळ, छोट्या आहेत आणि मुख्य म्हणजे प्रत्येक गोष्ट पूर्ण होते.