पेशंटचे फोटो व्हॉट्सॲपवरून काढा आणि डिपार्टमेंटच्या नेटवर्कवर ठेवा

आमच्या स्किन डिपार्टमेंटला आधी फोटो कुठे असायचे, तर रेसिडेंटच्या (शिकाऊ डॉक्टरच्या) मोबाईलमधे. रेसिडेंट पास होऊन गेला की फोटो पण गेले. सोरायसिसचा पेशंट सहा महिन्यांनी आला, आधीचा फोटो दाखवा म्हटलं की ग्रुपवर स्क्रोल करत बसायचं, त्यात ड्युटी लिस्ट, गुड मॉर्निंग, कुणाच्या तरी बर्थडेचा केक, आणि शेवटी सापडला तरी व्हॉट्सॲपने तो इतका दाबलेला की खपली कुठली आणि फ्लॅशची चमक कुठली कळत नाही.

सामान फार लागत नाही. दोन डिस्कवाला नॅसचा डबा घ्या, म्हणजे नेटवर्कला जोडलेली, सगळ्या पीसींना दिसणारी साठवण, चार-चार टीबीच्या डिस्क मिररिंगवर लावा, म्हणजे दोन्हीवर तेच लिहिलं जातं, जागा चारचीच मिळते पण एक डिस्क मेली तरी दुसरी चालू राहते. पुरेल का विचाराल, तर ४ एमबीचा फोटो, दिवसाला ५०, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ६० जीबी झाले फक्त, व्हिडिओ काढायला लागलात तर गोष्ट वेगळी. डबा यूपीएसवर ठेवा आणि तळमजल्यावर अजिबात नको, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता, आणि हिंदमाता-सायनला तर त्याच्या पाव पावसात पण पाणी भरतं.

खरं काम नावाचं आहे. फोटो ठेवणं सोपं, सापडणं कठीण. आमच्याकडे फाईल अशी असते: २०२५-०६-१२, मग रजिस्ट्रेशन नंबर, मग डावं-कोपर, मग १. वर्ष पुढे घेतलं की फाईली आपोआप तारखेप्रमाणे लागतात. केसपेपरवर नंबरात तिरकी रेघ असते ती विंडोज फाईलच्या नावात घेत नाही, तिथे डॅश मारा. पेशंटचं नाव टाकायचं नाही म्हणजे नाही. आणि एक युक्ती, कोऱ्या चिठ्ठीवर फक्त नंबर लिहून तिचा फोटो आधी काढा, मग पेशंटचे, म्हणजे संध्याकाळी कॅमेऱ्याचं कार्ड पीसीवर उतरवताना कुणाचा फोटो कुठे संपला ते दिसतं (केसपेपरचाच फोटो काढू नका, त्यावर नाव पत्ता सगळं असतं).

कॅमेरा डिपार्टमेंटचा असला तर उत्तम. मोबाईल वापरावाच लागला तर लोकेशन बंद, गूगल फोटोजचं बॅकअप बंद, नाहीतर पेशंटची मांडी घरच्या टीव्हीवर यायची. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधे फॉरमॅट 'मोस्ट कॉम्पॅटिबल' करा, नाहीतर ओपीडीतल्या जुन्या पीसीवर त्यांचे फोटो उघडत नाहीत.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं. रेसिडेंट फोटो टाकू शकतो बघू शकतो, डिलीट फक्त ठरवलेले दोघंच करणार, आणि टर्म संपली त्या दिवशी लॉगिन बंद. घरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडून ठेवू नका, कोणी कितीही मोठे सर मागे लागले तरी.

कन्सेंट दोन घ्या, उपचारासाठी वेगळी आणि शिकवायला किंवा छापायला वेगळी, मराठी हिंदी दोन्हीत, आणि वाचून दाखवा, नुसती सही नको. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते हा गैरसमज आहे, जर्नलवाले पण ते धरत नाहीत. लेक्चरचे फोटो कॉपी करून, क्रॉप करून वेगळ्या फोल्डरमधे.

मिररिंगला बॅकअप समजू नका. एकीकडे चुकून डिलीट झालं की दुसरीकडे पण त्याच क्षणी जातं, व्हायरसने लॉक केलं तरी तेच. म्हणून दर शुक्रवारी बाहेरची हार्डडिस्क लावायची, कॉपी झाली की काढून वेगळ्या मजल्यावर कपाटात कुलपात. ठेवायच्या आधी त्यातला एखादा फोटो खरंच उघडून बघा. आमच्याकडे ती डिस्क तीन महिने नेमाने कपाटात जात होती, उघडली तर रिकामी, केबलच लूज होती.