आंबा विकण्याआधी आंब्याविषयी लिहावे: थेट विक्री करणाऱ्या हापूस बागायतदारांसाठी

‘अस्सल हापूस, नैसर्गिकरीत्या पिकवलेला, आजच मागणी नोंदवा’ हा मजकूर कोकणातील बागायतदार लिहितो आणि परराज्यातील आंबा हापूस म्हणून खपवणाराही लिहितो. त्यामुळे तो वाचून ग्राहकाला दोघांतला फरक कळण्याची शक्यता नसते. फरक कळतो तो केवळ बागेत राबणाऱ्यालाच ठाऊक असलेल्या गोष्टी लिहिल्याने.

सुरुवात गेल्या हंगामातील व्हॉट्सॲप संदेशांपासून करावी. ग्राहकांनी वारंवार विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावेत आणि प्रत्येक प्रश्नावर एक स्वतंत्र लेख किंवा दोन मिनिटांची चित्रफीत करावी. ‘आंबे हिरवेच आले, फ्रीजमध्ये ठेवू का?’ हा प्रश्न जसाच्या तसा शीर्षक म्हणून द्यावा, कारण लोक गूगलवरही तो असाच विचारतात. उत्तरात कारणासह सांगावे की कच्चा हापूस थंडीत नीट पिकत नाही आणि त्याची साल काळवंडते. म्हणून तो पेंढ्यात, हवा खेळेल अशा जागी पसरून ठेवावा, रोज चाचपून तयार झालेली फळे वेगळी काढावीत आणि फ्रीजचा विचार आंबा पिकल्यानंतरच करावा.

ज्या विषयावर लिहायला बहुतेक जण कचरतात, तो म्हणजे साका. फळ बाहेरून निर्दोष दिसते, कापल्यावर मात्र आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो आणि ग्राहकाला आपण फसवले गेलो असे वाटते. माझ्या मते हंगामातील सर्वांत महत्त्वाचा लेख याच विषयावर असावा. अर्धे कापलेले साकायुक्त फळ हातात धरून जवळून छायाचित्र घ्यावे. हा दोष बाहेरून ओळखता येत नाही, झाडावर अधिक पक्व होऊ दिलेल्या फळांत त्याचे प्रमाण वाढते आणि म्हणूनच आपण फळ झाडावर पिकू न देता आधीच उतरवतो, हे स्पष्ट लिहावे. ‘झाडावर पिकलेला’ अशी जाहिरात करणाऱ्याविषयी मग वेगळे काही बोलावे लागत नाही.

त्याला जोडून एक सोपे प्रात्यक्षिक दाखवता येते. बादलीभर पाण्यात झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) देठासह उतरवलेली चार फळे सोडावीत: काढणीयोग्य झालेले फळ तळाशी जाते, कोवळे तरंगते. देठ का राखला, तो तुटल्यास चीक सालीवर ओघळून डाग कसा पडतो, हेही त्याच वेळी बोलून घ्यावे. पार्श्वसंगीताची गरज नाही. बागेतला आवाज पुरेसा आहे.

वेळेचे भान महत्त्वाचे. मार्चमध्ये लिहायला बसणाऱ्याला उशीर झालेला असतो, कारण तेव्हा हात काढणीत गुंतलेले असतात. मोहोर येऊ लागताच छायाचित्रे टाकावीत. तुडतुडे (मोहोरावर पडणारी कीड), अवकाळी पाऊस, फळगळ यांची नोंद घडेल तशी द्यावी. पुढे पेटीचा भाव चढा लागला, तर त्याचे कारण नियमित वाचकाला आधीच माहीत असते.

दावे मात्र तोलून करावेत. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, तर इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) परवानगी आहे. तेव्हा रायपनिंग चेंबर (असा वायू सोडून फळे पिकवण्याची बंद खोली) वापरत असाल तर ते लपवू नये. हापूसला 2018 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी आहे. त्याचे अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी झाली असेल तरच त्याचा उल्लेख करावा.

प्रत्येक लेखाखाली गावाचे नाव, फोन क्रमांक, डझनाचा भाव आणि फळाचे वजन द्यावे. साका निघाल्यास कापलेल्या फळाचे छायाचित्र किती दिवसांत पाठवायचे आणि बदल्यात फळ मिळेल की पैसे, हेदेखील तिथेच लिहून ठेवावे.